आवाज येतोय का

एक, दोन, तीन.
रिकाम्या खुर्च्यांवरून आवाज फिरून येतो
तेव्हा दर वेळी आजा आठवतो.
सोलापूरच्या सेटलमेंटात, तारेच्या आत,
दिवसातून तीनदा कुणीतरी असाच मोजायचा त्याला.
त्यानं फक्त 'हाय' म्हणायचं.

नवी पेठ. पहिला मजला, लिफ्ट बंद.
फलकावर : 'फौजदारी न्याय आणि विमुक्त जमाती,
धोरणाची फेरमांडणी.' पुष्प दुसरे.
साडेसहा म्हणजे साडेसहा.
कार्यवाह करंदीकर घड्याळ बघत विचारतात,
"काळे म्हणजे कुठले तुम्ही? कोकणातले?"
"नगरकडचे," म्हणतो मी, आणि केबल ओढत राहतो.
या आडनावाची एवढी सोय आहे.
उलटसुलट घालता येणाऱ्या स्वेटरसारखं ते,
शिवण दिसत नाही.

समई. शाल. हाराऐवजी पुस्तक.
निवृत्त न्यायमूर्ती चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू.
अठराशे एकाहत्तरचा कायदा सांगितला,
जन्मताच गुन्हेगार म्हणजे काय ते सांगितलं,
कायदा गेला आणि 'सराईत' हा शब्द
मागच्या दारानं कसा आत आला, तेही.
त्यांचा 'स' जरा टोचत होता,
मी ट्रेबल उतरवला.
तिसऱ्या रांगेतल्या बाईंनी डोळे टिपले.
'या लोकांना' सतरा वेळा आलं.
मोजणं आमच्या रक्तातच आहे,
असंही कुणी म्हणेल.

प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावेत.
मागच्या खांबापाशी एक बाई उभी राहिली.
हातात चिठ्ठी नव्हती,
फुगे विकायची काठी होती, बिनफुग्यांची.
मला लांबूनच कळलं. कसं ते विचारू नका.
"माजा जामीन कुठं हाय?"

सभागृह सहृदय होतं, कुणी हसलं नाही.
न्यायमूर्ती पुढे झुकले. फार महत्त्वाचा प्रश्न, म्हणाले.
जामीन हा नियम, कोठडी हा अपवाद.
अर्ज, जातमुचलका, हमीदार,
आणि गरिबाला हमीदार मिळत नाही
हीच तर खरी शोकांतिका.
चार मिनिटं. टाळ्या.
ती तशीच उभी.
"आवो, जामीन. अठरा वर्साचा.
मंगळवारी सिग्नलवरनं उचलला."

वेळेअभावी, म्हणाले करंदीकर.

आमच्यात अशी नावं ठेवतात.
बाप जामिनावर सुटला त्या दिवशी झाला, म्हणून जामीन.
माझ्या चुलत्याचं नाव तारीख.
एवढं एक वाक्य बोलायचं होतं.
माईक हाताशी होता, चालूही होता,
आणि मी वायरी गुंडाळायला लागलो.

रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे.
पुस्तिकेत छापून येईल :
प्रश्न : जामीन कुठे मिळतो?

जिन्यात गाठलं तिला.
आमच्या बोलीत नाव विचारलं,
किती वर्षांनी, जीभ दोनदा अडखळली.
मखमल, म्हणाली.
मग माझ्याकडे असं बघितलं
की स्वेटरची शिवण मलाच दिसली.

स्कूटरवर ती मागे,
मांडीवर आडवा माईकचा स्टँड. काठी कुठं राहिली, ठाऊक नाही.
पहिल्या चौकीत नाही म्हणाले.
दुसऱ्या चौकीत नाही म्हणायच्या आधीच
रजिस्टर मिटलं.
तिसऱ्या चौकीतला हवालदार चहा पीत होता,
माणूस वाईट नव्हता, बसा म्हणाला.
"नाव?"
"काळे."
"कुठले काळे?"
आत कुणीतरी खोकलं. मखमलनं मान वळवली.
"यांच्यातला," मी म्हणालो.

त्यानं कप खाली ठेवला.
पहिल्यांदाच माझ्या पिशवीकडे बघितलं.
"हे माईक कुणाचे?"